शिवसागरात कयाकिंग आणि काठावरचा मुक्काम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कयाक, म्हणजे दुहेरी पात्याच्या वल्ह्यानं चालवायची अरुंद होडी, घेऊन कोयनेच्या पाण्यात उतरायचं आणि रात्री काठावर तंबू ठोकायचा, असा बेत ठरवणाऱ्यांसाठी ही माहिती आहे. भाड्याच्या होडीत अर्धा तास फेरी मारून परतणाऱ्यांना यातलं फारसं लागणार नाही. मुक्कामाचं सामान घेऊन चार-पाच तास वल्हवणार असाल, तर निघण्याआधी सगळं वाचून काढा.

शिवसागर म्हणजे नेमकं कुठलं पाणी?

पाटण तालुक्यातल्या कोयना धरणाचा जलाशय. धरण १९६४ साली पूर्ण झालं. त्याची साठवण १०५.२५ टीएमसी (अब्ज घनफूट), आणि पूर्ण भरतं तेव्हा पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे २१६३ फुटांवर असते. धरणाच्या भिंतीपासून उत्तरेला तापोळ्याच्या वरपर्यंत पाणी पन्नास किलोमीटरहून जास्त पसरलेलं आहे. पश्चिमेला सह्याद्रीची मुख्य रांग, पूर्वेला कास-बामणोलीकडचे डोंगर, आणि मधे लांबट, फाटे फुटलेला तलाव. वरच्या अंगाला कोयना, सोळशी आणि कांदाटी या तिन्ही नद्यांची खोरी या पाण्यात मिळतात. नवख्या माणसाची चूक होते ती या फाट्यांमुळेच. पाण्यावरून एक खाडी दुसरीसारखी दिसते आणि परतताना माणूस भलत्याच फाट्यात शिरतो.

कोणत्या महिन्यात जावं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा मध्य. पाणी भरपूर असतं, काठ जवळ असतो, वारा बेताचा असतो. पावसाळ्यात मुळीच नको. वाऱ्यापावसात समोरचा काठ दिसेनासा होतो, आणि ओढ्यांतून ओंडके वाहून येतात.

मार्चपासून दोन अडचणी एकदम येतात. एक वारा, त्याबद्दल पुढे येईल. दुसरी पातळी. वीजनिर्मितीसाठी आणि सिंचनासाठी पाणी सुटत राहतं, आणि जूनपर्यंत पातळी साधारण ऐंशी ते शंभर फूट खाली जाते. सरासरी काढली तर दिवसाला चार-पाच इंच. मोबाइलच्या नकाशावर दिसणारा काठ बहुधा भरलेल्या तलावाचा असतो. मे महिन्यात त्या काठावर उभं राहिलात तर पाणी उताराच्या तळाशी दिसेल आणि मधे भेगाळलेला गाळ. वरून कोरडा दिसणारा हा गाळ पाण्याजवळ मांडीपर्यंत खचतो. तिथून वीस-पंचवीस किलोची कयाक ओढत नेणं दोघांनाही जड जातं.

दिवसातली कोणती वेळ धरावी?

बाकी काही विसरलात तरी चालेल, हे लक्षात ठेवा. उजाडताना निघा आणि अकराच्या आत काठाला लागा.

सकाळी डोंगर आणि पाणी दोन्ही गार असतात, हवा स्थिर असते. ऊन वाढलं की उतार तापतात, हवा वर चढते आणि खोऱ्यातून वारा वाहू लागतो. उन्हाळ्यात कोकणाकडून येणारा पश्चिमेचा वारा घाटमाथा ओलांडून थेट पाण्यावर उतरतो. दुपारी दोन-तीनच्या सुमारास त्याचा जोर सर्वांत जास्त. तलाव दक्षिणोत्तर लांब आहे. वारा त्या लांबीच्या दिशेनं वळला तर लाटेला वाढायला कित्येक किलोमीटर मोकळं पाणी मिळतं. म्हणून जिथून निघालात त्या खाडीत पाणी आरशासारखं असताना मुख्य पात्रात गुडघाभर लाटा असू शकतात. खाडीच्या तोंडाशी दोन मिनिटं थांबा, पाणी पाहा, मगच बाहेर पडा.

पाण्यावर पांढरे फेसाचे तुरे दिसू लागले की वारा ताशी पंधरा-वीस किलोमीटरच्या घरात गेला असं समजा. नवख्यांनी तेव्हा काठावरच असावं.

डिसेंबर-जानेवारीत एक पेच पडतो. पहाटे पाण्यावर दाट धुकं बसतं, आणि धुक्यात लाँचवाल्याला तुम्ही दिसत नाही. समोरचा काठ स्पष्ट दिसेपर्यंत निघू नका. एक तास गेला तर त्या दिवसाचं अंतर कमी करा, दुपारच्या वाऱ्यात ते भरून काढायला जाऊ नका.

एप्रिल-मेमध्ये वळवाचा धोका वेगळा. दुपारी पूर्वेला ढग काळवंडले आणि वारा अचानक पडला, तर पंधरा-वीस मिनिटांत वावटळ आणि विजा येऊ शकतात. जवळचा काठ गाठायचा, तो कुठलाही असो.

परवानगी लागते का?

लागते, आणि एकाच ठिकाणी नाही. कोयना अभयारण्य १९८५ साली घोषित झालं. चांदोली राष्ट्रीय उद्यानासह ते आता सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. बामणोलीच्या पुढे दक्षिणेला जाल तसा काठ अभयारण्याचा होत जातो. तिथे वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ लागू आहे. वनविभागाच्या परवान्याशिवाय काठावर पाय ठेवता येत नाही, आणि सहलीच्या परवान्यावर रात्री राहता येत नाही.

दुसरी बाब जलाशयाची. तो जलसंपदा विभागाच्या ताब्यात आहे. धरणाची भिंत आणि नवजाच्या बाजूला वीजप्रकल्पासाठी पाणी आत घेणारी तोंडं ही प्रतिबंधित ठिकाणं, त्या दक्षिण टोकाचा विचारही करू नका. स्वतःची कयाक आणणार असाल तर आदल्या आठवड्यात बामणोलीच्या वनकार्यालयात आणि ज्या गावातून उतरणार तिथल्या बोट क्लबमध्ये बोलून ठेवा. लाँचवाल्यांचं पोट या पाण्यावर आहे. न विचारता उतरलेल्या माणसाबद्दल त्यांना राग येतो आणि तो रास्त आहे.

पाण्यात कुठून उतरावं?

साताऱ्याहून कासमार्गे बामणोली किंवा महाबळेश्वरहून घाट उतरून तापोळा. दोन्हीकडे गाडी काठाजवळ जाते. नवख्यांना तापोळ्याची बाजू बरी, खाड्या अरुंद आहेत आणि काठ कायम जवळ असतो. मार्चनंतर मात्र वरच्या अंगाचं पाणी आधी आटतं, तेव्हा बामणोली. पूर्वी कधीच कयाकमध्ये बसला नसाल तर मुनावळ्याच्या जलपर्यटन केंद्रात किंवा बोट क्लबवर तासभर वल्हवून पाहा आणि मुक्कामाचा बेत पुढच्या खेपेला ठेवा.

बामणोलीहून कयाकनं वासोटा किल्ला करता येईल का?

लाँचला जायला साधारण दीड तास लागतो. भरलेल्या कयाकला तेच अंतर चार तासांच्या वर जाईल. त्यानंतर चढ-उतार, आणि परतायला दुपारचा वारा. शिवाय संध्याकाळच्या आत अभयारण्यातून बाहेर पडावं लागतं. एका दिवसात हे जमत नाही. वासोटा लाँचनं करा, कयाकसाठी दुसरा दिवस ठेवा.

कयाक कोणती घ्यावी?

मुक्कामासाठी बारा ते चौदा फुटांची, बंद कप्पे असलेली प्लास्टिकची कयाक उत्तम. वजन वीस ते तीस किलो, पण खडकावर घासली तरी टिकते. वर बसायची उघडी कयाक नवख्यांना सोपी, उलटली तरी पाणी आपोआप निथळतं. मात्र ती रुंद आणि उंच असल्यामुळे वाऱ्यात लवकर ढकलली जाते.

फुगवायची कयाक बसनं येणाऱ्यांना सोयीची आहे. पण इथल्या काठावर बाभळी-बोरीचे काटे आहेत आणि पातळी उतरली की बुडालेल्या झाडांची खोडं वर येतात. पाण्याबाहेर काढून उन्हात ठेवली तर आतली हवा तापून शिवण उसवते, थोडी हवा सोडून ठेवावी लागते. ठिगळ लावताना दोन्ही बाजू स्पिरिटनं पुसा, दोन्हीकडे डिंक लावा, चिकट होईपर्यंत थांबा आणि मग दाबा. पूर्ण पक्कं व्हायला चोवीस तास लागतात. म्हणजे मुक्कामी केलेल्या ठिगळावर दुसऱ्या दिवशी मोठं पाणी ओलांडू नये.

वल्ह्याची लांबी कयाकच्या रुंदीवर ठरते. साठ सेंटीमीटर रुंदीला २२० सेंटीमीटरचं, पंचाहत्तर-ऐंशीला २३० ते २४० चं. चौघांमागे एक जादा वल्हं हवंच.

लाईफ जॅकेट कसं असावं?

पोहता येणाऱ्याला किमान ५० न्यूटन तरंगशक्तीचं, न येणाऱ्याला १०० न्यूटनचं. अंगात घालून सगळे पट्टे आवळा आणि दुसऱ्याला खांद्यापाशी धरून वर उचलायला सांगा. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर ते मोठं आहे किंवा पट्टा सैल आहे. पाण्यात ते असंच सरकतं आणि तोंड आत जातं. शिट्टी जॅकेटला बांधलेली हवी, पिशवीतली उपयोगाची नाही. गरम होतं म्हणून जॅकेट काढून मागे बांधणं इथे सर्रास दिसतं. उलटल्यावर ते पाण्यात अंगात घालणं जवळपास अशक्य असतं.

पोहता येत नसेल तर?

जॅकेट घालून काठालगत, जाणकाराबरोबर दोघांच्या कयाकमध्ये बसायला हरकत नाही. तलाव ओलांडायचा नाही आणि मुक्कामाची सफरही नको. आधी पोहायला शिका.

एका दिवसात किती अंतर धरावं?

भरलेल्या कयाकचा वेग शांत पाण्यात ताशी चार किलोमीटर. समोरून वारा आला की दोन. सकाळच्या चार तासांत, विश्रांती धरून, बारा किलोमीटर ही नवख्यांची कमाल मर्यादा. गटाचा वेग सर्वांत हळू माणसाचा असतो. जाताना वाऱ्याची साथ मिळाली तर विशेष जपा, तोच वारा परतताना समोर असेल.

कयाक एका बाजूला वळत राहते, काय चुकतं?

बहुतेक वेळा सामान. आडवा वारा असताना पुढचा भाग जड असेल तर नाक वाऱ्याच्या तोंडी वळतं, मागचा जड असेल तर नाक वाऱ्याबरोबर पळतं. पाणी आणि शिधा या जड वस्तू बैठकीच्या अगदी पुढे-मागे, तळाशी आणि मध्यरेषेवर ठेवा. तंबू, झोपायची पिशवी टोकांना. डेकवर काही बांधू नका. तिथलं सामान शिडासारखा वारा धरतं आणि तोलही वर जातो. पाण्यात ढकलल्यावर आत बसण्याआधी बाजूनं पाहा, पुढचं-मागचं टोक सारखं बुडालेलं दिसलं पाहिजे.

दुसरं कारण फक्त हातानं ओढणं. खांदे आणि कंबर वळवून वल्हं मारा. पातं पायाच्या अंगठ्याजवळ पाण्यात घाला आणि कमरेपाशी बाहेर काढा. त्याहून मागे नेलं की कयाक वळते आणि मनगट दुखतं.

कयाक उलटली तर काय करायचं?

कयाक सोडायची नाही. काठ जवळ वाटतो म्हणून पोहत सुटलेला माणूस दमतो, आणि दुरून नुसतं डोकं कुणाला दिसत नाही. कयाक दिसते.

एकटे असाल आणि कयाक उघडी असेल तर बाजूला जा, तळावरून पलीकडची कड धरून आपल्याकडे ओढा, ती सुलटी होईल. मग मधोमध या, पाय पाण्याच्या पृष्ठभागावर येईपर्यंत जोरानं मारा आणि छाती आडवी कयाकवर चढवा. लगेच बसायची घाई करू नका. आधी पोट बैठकीवर आणा, मग कूस बदलून बूड टेकवा, शेवटी पाय आत. बहुतेक जण गुडघा आधी वर घ्यायला जातात आणि पुन्हा उलटतात.

आत बसायच्या कयाकला सोबती लागतो. तो उलटलेल्या कयाकच्या नाकाशी काटकोनात येतो. पाण्यातला माणूस शेपटाकडे जाऊन ते खाली दाबतो, सोबती नाक आपल्या डेकवर ओढतो, पाणी निथळलं की सुलटी करून पाण्यात सरकवतो. मग दोन्ही कयाका उलट तोंडांनी शेजारी लावून सोबती आपलं वजन दुसऱ्या कयाकवर टाकून ती घट्ट धरतो. पाण्यातला माणूस शेपटाकडे तोंड करून पोटावर वर सरकतो, पाय आत घालतो आणि सावकाश वळून बसतो. उरलेलं पाणी हातपंपानं काढायचं. सरावलेल्यांना दोन-तीन मिनिटं लागतात.

निघण्याच्या दिवशी काठाजवळ छातीभर पाण्यात प्रत्येकानं हे दोनदा करावं. कपडे भिजतात म्हणून लोक टाळतात. ज्याला तिथे चढता आलं नाही, त्याला लाटांत येणार नाही.

लाँच, तराफे आणि जाळ्यांचं काय?

लाँच गेली की तिच्या मागची लाट पोचायला थोडा वेळ लागतो. तेवढ्यात नाक लाटेकडे वळवा आणि वल्हवत राहा. वल्हं उचलून बघत बसलं की तोल जातो. गाड्या नेणारा तराफा चटकन थांबू किंवा वळू शकत नाही, त्याच्या पुढून कधीही जाऊ नका.

जाळी ओळखायची ती थर्माकोलच्या तुकड्यांच्या किंवा बाटल्यांच्या रांगेवरून. दोन तरंगांच्या मधून जाऊ नका, टोकाला वळसा घाला. चुकून अडकलात तर मागे वल्हवा. जाळं कापायचं नाही, ते कुणाच्या तरी घरचं भांडवल आहे. उन्हाळ्यात पाण्याखाली हातभर असलेली खोडं आणि बुडालेल्या गावांच्या घरांची जोती यांवरही लक्ष ठेवा.

तंबू कुठे लावावा?

अभयारण्याबाहेर, गावाच्या हद्दीत, विचारून. काठाची जमीन मोकळी दिसते, पण वर कुणाची तरी मालकी असते. पाणी हटल्यावर उघड्या पडणाऱ्या पट्ट्यात गाळपेर होते, त्या पिकातून कयाक ओढत नेऊ नका. गावात जाऊन सरपंच किंवा पोलीस पाटलांना नाव, माणसं किती आणि मुक्काम किती ते सांगा. “दादा, एक रात्र इथं राहू का?” एवढं विचारलं तर बहुतेक वेळा चांगली जागा तेच दाखवतात, आणि जेवणाचंही विचारतात. तांदळाची भाकरी मिळाली तर नाही म्हणू नका, पैसे मात्र जरूर द्या.

जागा पाण्यापासून निदान तीस-चाळीस पावलं दूर आणि पातळीच्या वर हवी. ओढ्याच्या कोरड्या पात्रात नको. एकट्या उंच झाडाखाली नको, विजेसाठीही आणि वाळक्या फांद्यांसाठीही. पाण्याकडे उतरणारी मळलेली वाट दिसली तर ती गुरांची किंवा गव्यांची, तिच्यापासून लांब. तंबूचं तोंड पश्चिमेला करू नका. काठावरच्या भुसभुशीत मातीत खुंट्या उपटतात, तिथे दोऱ्या नारळाएवढ्या दगडांना बांधा.

कयाक पूर्ण बाहेर काढून पालथी घाला आणि झाडाला बांधा. रात्रीचा वारा रिकामी कयाक सहज लोटून नेतो. हिवाळ्यात पहाटे पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो, झोपायची पिशवी त्या हिशोबानं आणा.

जनावरांची भीती आहे का?

जंगलात गवे, अस्वलं, बिबटे आहेत, आणि वाघांचाही हा मुलूख आहे. मोठी जनावरं बहुधा माणूस टाळतात. गवा समोर आला तर पाठ न फिरवता सावकाश मागे सरका. रात्री अंधारात पाण्यावर जायचंच नाही. अन्न घट्ट डब्यात, तंबूपासून दूर.

प्रत्यक्षात जपायचं ते सापांना. घोणस, नाग, मण्यार, फुरसं, चारही विषारी जाती या भागात आहेत. जोडे झटकून घाला, रात्री बॅटरीशिवाय पाऊल टाकू नका, सरपण काठीनं हलवून मग उचला. दंश झाला तर हातपाय हलू न देता फळी बांधा आणि रुग्णालय गाठा. कापू नका, चोखू नका, आवळून बांधू नका.

प्यायचं पाणी?

माणशी दिवसाला चार लिटर, म्हणजे चार किलो वजन. एका रात्रीसाठी बरोबर घेणं सोपं. तलावाचं घ्यायचं झालं तर काठाच्या गढूळ पाण्यापेक्षा कयाकमधून आत जाऊन भरा, दुहेरी फडक्यातून गाळा आणि खळखळून उकळा. गाळ फार असेल तर आधी तुरटी फिरवून निवळू द्या. गढूळ पाण्यात क्लोरीनच्या गोळ्यांचा असर कमी होतो. भांडी पाण्यात घासू नका. बादलीत पाणी आणून काठापासून दूर घासा, साबण तलावात जाता कामा नये.

शेकोटी चालेल का?

जानेवारीनंतर नाही. गवत वाळलेलं असतं आणि वणवा पश्चिम वाऱ्यानं डोंगर चढतो. गॅसची छोटी शेगडी पुरते.

रेंज नसेल तर मदत कशी मिळणार?

पाण्यावर बहुतेक ठिकाणी रेंज जाते. म्हणून निघताना एक कागद बोट क्लबवर आणि एक घरी द्या. त्यावर माणसांची नावं, कयाकांचे रंग, वाट, मुक्कामाची जागा, परतायची वेळ, आणि किती वाजेपर्यंत आला नाहीत तर शोध सुरू करायचा ती वेळ लिहा. परतल्यावर तिथे जाऊन सांगायचं, नाहीतर कुणीतरी रात्री डिझेल जाळून तुम्हाला शोधत बसेल. रेंज असेल तिथे ११२, रुग्णवाहिकेला १०८. शोधायला पहिली पोचते ती बहुधा गावची लाँच.

आम्ही सांगलीचे. चांदोलीत किंवा कृष्णेत हेच करता येईल का?

चांदोलीचा जलाशय राष्ट्रीय उद्यानाला लागून आहे, तिथे मनानं कयाक घालता येणार नाही. सांगलीकडच्या कृष्णेत, भिलवडी-औदुंबर पट्ट्यात, मगरी आहेत. कयाकवर बसलेला माणूस पाण्याच्या पातळीशी असतो, आणि उतरायच्या जागा मगरींच्याही बसायच्या असतात. तिथे नको. पहाटे निघून बामणोली गाठा, दुपारी वारा असेल तेव्हा तंबू लावा आणि पाण्यात दुसऱ्या सकाळी उतरा.

परतल्यावर कयाकचं काय करायचं?

टपावर बांधताना पट्टे मधे दोन आणि पुढच्या-मागच्या टोकाला दोऱ्या. कासच्या रस्त्यावर वळणं आणि वारा दोन्ही आहेत, दहा किलोमीटरवर थांबून पट्टे पुन्हा आवळा. घरी कप्पे उघडून, बूच काढून, सावलीत वाळवा. चिकटलेला गाळ पट्ट्यांच्या कड्यांत आणि सुकाणूच्या फटीत बसतो, तो जुन्या दातघासणीनं काढा. काढलेलं बूच लगेच दोरीनं हँडलला बांधून ठेवा, पुढच्या खेपेला काठावर पोचल्यावर सापडत नाही ते बहुतेक वेळा हेच असतं.